थंड जिन पेटत नाही

सगळ्या दारूंमध्ये खोटारडी दारू कोणती, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता सांगेन, जिन. व्हिस्की, रम निदान रंगावरून ओळखू येतात. देशी तर गल्लीच्या टोकापासून वासाने ओरडत येते. जिन मात्र पाण्यासारखी स्वच्छ दिसते, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवली तर कुणाला ओळखू यायची नाही, आणि पोटात विष मात्र इतरांइतकंच बाळगून असते. बाटलीवर आकडा छापलेला असतो, बेचाळीस पॉइंट आठ टक्के. म्हणजे शंभर मिलिलिटर जिनमध्ये जवळजवळ त्रेचाळीस मिलिलिटर नुसता अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवरही हाच आकडा असतो. हे वाचायला फक्त डोळे लागतात, आणि माझ्या सासरी डोळे सोडून बाकी सगळं होतं.

सासऱ्यांना मी इथे अहो-जाहो लिहिणार आहे. ती सवय आहे, आदर नाही. एवढं आधीच सांगून टाकते.

मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले आणि भिवंडीतल्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात, तिथल्या लहानशा लॅबमध्ये नोकरीला लागले. रंग किती, कॉस्टिक किती, पाणी किती तापलंय, हे तपासून वहीत लिहायचं काम होतं. हात कायम कुठल्यातरी रंगाचे असायचे. मला ते काम आवडत होतं. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी माझ्या वडिलांना शब्द दिला होता, नोकरी करू देऊ. लग्नानंतर महिनाभरात म्हणाले, "आमच्या घरची सून दुसऱ्याच्या रंगात हात बुडवनार न्हाय." आमचं वैर तिथून सुरू झालं. जिन नंतर आली.

सासरचं गाव भिवंडीजवळच्या राहनाळच्या पलीकडे. पूर्वी सगळी भाताची खाचरं होती, माझ्या लग्नापर्यंत तिथे पत्र्याची उंच गोदामं उभी राहिली होती. सासऱ्यांची जमीन त्यात गेली, भाडं येऊ लागलं आणि एकुलत्या एका मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यातल्याच एका गोदामावर सुपरवायझरचं काम मिळालं. कंटेनर लावून घ्यायचा, खोकी मोजून आत टाकायची, ड्रायव्हरांशी हिंदीत हुज्जत घालायची. हुज्जत त्याला जमायची नाही. स्वभावाने मऊ माणूस. कुणी ग्लास पुढे केला तर त्याला नको म्हणता येत नसे. वडिलांनाही नाही म्हणता येत नसे आणि मलाही. त्याच्या या स्वभावाचा फायदा आम्ही दोघांनीही भरपूर घेतला.

दारूच्या बाबतीत सासऱ्यांचा गावात दरारा होता. तरुणपणी खाडीच्या कडेला, खारफुटीच्या आडोशाला त्यांनी गुळाची भट्टी लावलेली होती. पहिल्या धारेची कुठली, शेवटची कुठली, हे ते ओळखत. पुढे भट्टी बंद झाली, पण मान राहिला. कुणी शहरातून बाटली आणली आणि त्यात भेसळ आहे असा संशय आला की ती घेऊन माणसं आमच्या अंगणात यायची. सासरे स्टीलच्या झाकणात चमचाभर ओतायचे आणि काडी लावायचे. निळसर ज्योत धरली तर म्हणायचे, "हाय, माल हाय." नाही धरली तर, "पानी."

ही परीक्षा अगदीच वेडगळ नाही, हे मला कबूल करावं लागेल. आमच्या लॅबचे मोठे साहेब सांगायचे, इंग्रजसुद्धा पूर्वी असंच करत. बंदुकीच्या दारूवर पिण्याची दारू ओतून पेटवायची. भडका उडाला तर दारू खरी ठरली, म्हणजे तिचं प्रूफ मिळालं. त्या हिशेबाने शंभर प्रूफ म्हणजे सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास, आणि आपल्या बाटल्या पंच्याहत्तर प्रूफच्या, म्हणून बेचाळीस पॉइंट आठ. तेव्हा सासरे मूर्ख नव्हते, फक्त दोनतीनशे वर्षं मागे होते. इंग्रजांनी मधल्या काळात थर्मामीटर आणला, सासऱ्यांनी आणला नाही.

लग्नाला चार वर्षं झाली होती तेव्हा दिवाळीच्या सुमारास नवऱ्याचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी त्याला कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले, पोट दाबून पाहिलं आणि त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "लिव्हरला सूज आहे. आत्ता थांबले तर भरून येईल. नाही थांबले तर पुढे माझ्या हातात काही नाही. एक थेंबही नाही, कुठल्याही प्रकारची." मी घरी येऊन हे शब्द जसेच्या तसे सासऱ्यांना ऐकवले. 'कुठल्याही प्रकारची' हे दोनदा ऐकवलं.

पण घरात नणंदेचं लग्न ठरलं होतं, आणि लग्न म्हटलं की हळद. आमच्याकडे हळदीला दारू नसेल तर लोक त्याला हळद म्हणत नाहीत, बारसं म्हणतात. त्यातही सासरच्या घराण्याची एक रीत होती. पाहुणे ओळीने बसले की नवरीचा भाऊ ग्लास घेऊन फिरतो आणि प्रत्येक ओळीसमोर आधी स्वतः घोट घेतो, मग पाहुणे पितात. कुठल्याशा जुन्या लग्नात खराब दारूने माणसं आंधळी झाली होती म्हणे, तेव्हापासून यजमानाने आधी पिऊन दाखवायचं. रीत कुणीतरी शहाण्याने घातली असेल. पण तो शहाणा मरून गेला आणि रीत माझ्या नवऱ्याच्या पिवळ्या डोळ्यांसमोर येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "बाबा, यांच्या ग्लासात पाणी द्या. लिंबू पिळून द्या. कुणाला कळणार आहे?"

सासऱ्यांचा चेहरा असा झाला की जणू मी देवाला शिळा नैवेद्य दाखवायला सांगितलं. "पावन्यांना फसवू? या घरात?" म्हणाले. "हळदीला पानी पिऊन पोरगं खोटं बोलंल?"

आठ दिवसांनी त्यांनी आपला तोडगा आणला. मुंबईत कुठल्याशा हॉटेलच्या बारमध्ये काम करणाऱ्या लांबच्या नातेवाइकाने त्यांना सांगितलं होतं की जिन ही बायकांची दारू, मोठ्या घरच्या बाया लिंबू घालून पितात, अंगाला लागत नाही. सासऱ्यांनी पुरती पेटी मागवली. एक बाटली उघडून हुंगली आणि त्यांचे डोळेच चमकले. "हाऊबेर हाय याच्यात. औषध हाय. याच्यानं लघवी साफ होते."

वास बरोबर ओळखला होता. जिन म्हणजे तसा नुसता अल्कोहोलच. त्याला ना रंग ना चव, आणि त्यात हाऊबेराच्या फळांचा वास उतरवलेला. धणे, संत्र्याची साल आणखी काय काय असतं. पिंपात मुरवत नाहीत म्हणून रंग चढत नाही. साखर जवळजवळ नसतेच. मला तर तो वास आमच्या कारखान्यातल्या टर्पेंटाइनसारखाच वाटला. पण काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी वस्तू पडली म्हणून दारूचं औषध होत असेल, तर उद्या उंदराच्या औषधात वेलदोडा टाकून खीर म्हणून वाढावं.

हे मी तेव्हा बोलले नाही. मी व्हिस्कीची बाटली आणि जिनची बाटली त्यांच्यासमोर शेजारी शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं. "बाबा, वाचा. दोन्हीकडे बेचाळीस पॉइंट आठ. काही फरक नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, कुठल्याही प्रकारची."

"कागदावर काय, काय पन छापतात," सासरे म्हणाले. "मी बघतो ना."

डिसेंबरची सकाळ होती. अंगणात अजून ऊन आलं नव्हतं, सासूबाईंनी डोक्यावरून शाल घेतली होती. पेटी रात्रभर ओट्यावर राहिलेली, बाटली हाताला गार लागत होती. सासऱ्यांनी झाकणात जिन ओतली, काडी ओढली आणि टेकवली. काडी विझली. दुसरी ओढली, तीही विझली. तिसरी त्यांनी मुद्दाम माझ्याकडे बघत, अगदी सावकाश टेकवली. ती थोडी तडतडली आणि विझली.

"बघ गो शिकलेले," ते म्हणाले. "पानी हाय, पानी."

इथे काय घडलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. दारू स्वतः पेटत नाही, तिची वाफ पेटते. बेचाळीस टक्क्यांच्या दारूतून पेटण्याइतकी वाफ उठायला साधारण पंचवीससव्वीस डिग्रीची ऊब लागते. सासऱ्यांनी आयुष्यभर काडी लावली ती भट्टीवरून नुकत्याच उतरलेल्या ऊन धारेला, नाहीतर मे महिन्यात खिशातून आलेल्या क्वार्टरला. थंडीत रात्रभर बाहेर राहिलेल्या बाटलीला काडी लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नसेल.

मी म्हटलं, "बाबा, ती गार आहे. जरा गरम करा, मग लावा काडी."

"दारू गरम करून कोन पितं?" सासरे म्हणाले आणि हसले. सासूबाई शालीच्या आत हसल्या. माझा नवराही हसला. सुटलो, असं हसला. सासऱ्यांचं मला काही वाटलं नाही, त्यांच्याकडून माझी काही अपेक्षाच नव्हती. पण नवऱ्याच्या त्या हसण्याचा मला इतका राग आला की मी झाकण उचलून तशीच आत निघून आले.

स्वयंपाकघरात मी ती जिन कढल्यात ओतली, गॅसवर जराशी ऊबवली, बाजूला घेतली आणि काडी लावली. कढल्याच्या काठाकाठाने निळी ज्योत फिरली. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ज्योत पाहिली, माझ्या हातातून कढलं घेतलं आणि वर ताटली झाकली.

"मना म्हाईत हाय गो," त्या हळूच म्हणाल्या. "दारू ती दारू. पन हळद होऊ दे. आता तमाशा नको."

मी कढलं घेऊन अंगणात जाऊ शकले असते. दहा पावलं होती. मी गेले नाही, आणि सासूचा मान राखला म्हणून गेले नाही असं सांगायला मला आवडलं असतं. खरं वेगळं आहे. मला वाटलं, होऊ दे. होऊ दे हळद, पडू दे पोराला आजारी, मग या म्हाताऱ्याचं नाक गावासमोर कापलं जाईल. नवऱ्याला वाचवायचं होतं हे खरं, पण त्याहून जास्त मला सासऱ्यांना खोटं पाडायचं होतं.

हळद झाली. नवरा ओळीओळीने फिरला. पाहुण्यांच्या ग्लासात व्हिस्की, त्याच्या ग्लासात जिन आणि सोडा. रीतीपुरती ती दारू, लिव्हरपुरतं पाणी, असा सासऱ्यांचा हिशेब. चौदा ओळी मी मोजल्या. दुसऱ्या दिवशी तो उठला, चहा प्याला, मांडवाचे बांबू सोडवायला गेला. काही झालं नाही. लिव्हर एका दिवसात ओरडत नसतं. पण सासऱ्यांना तेवढा पुरावा पुरला.

त्यानंतर आमच्या घरात जी भाषा सुरू झाली ती मी जन्मात विसरणार नाही. "पोरानं सोडली," सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. "आता फकस्त जिन घेतो." म्हणजे जिन घेणं हे दारू सोडण्यात जमा. पूर्वी दोन पेगांवर थांबणारा माणूस आता ग्लास अर्धा भरून घेऊ लागला, कारण ही हलकी, ही बायकांची. मी सांगून पाहिलं, चिडून पाहिलं, जेवण वाढायचं बंद करून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो माझ्याकडे ओशाळून बघायचा आणि ग्लास उचलायचा.

मग मला पाणी सुचलं.

जिनच्या खोटारडेपणाचा एक फायदा असतो. व्हिस्कीत पाणी घातलं तर रंग उतरतो, जिनचा रंग उतरायला मुळात असावा तर लागतो. बाटल्या स्वयंपाकघरातल्या कपाटात, म्हणजे माझ्या ताब्यात. दुपारी घर झोपलं की मी बाटली काढायचे, पाव भाग मोरीत ओतायचे आणि उकळून गार केलेलं पाणी भरायचे. मोरीत हाऊबेराचा वास दरवळायचा म्हणून वर फिनेल टाकायचे. पहिले काही आठवडे पाव भाग पाणी, म्हणजे बत्तीस टक्के. मग अर्धं, एकवीस. मग तीन भाग पाणी आणि एक भाग जिन, साडेदहाच्या थोडंसं वर. वास तेवढ्यातही टिकून राहायचा. नवरा लिंबू पिळायचा, सोडा घालायचा, आणि ग्लास संपवायचा.

सांगायला लाज वाटते, पण त्या तीन महिन्यांत मी खूश होते. लग्नानंतर पहिल्यांदा मी काहीतरी मोजत होते. कारखान्यात रंगाची मात्रा उतरवत आणायचे तशी नवऱ्याची दारू उतरवत आणत होते, आणि तेही सासऱ्यांच्या नाकाखाली. त्यांनीच जाहीर केलेलं की जिनमध्ये दम नाही, तेव्हा ती बेचव लागते अशी तक्रार कुणी करायचीच नाही. त्यांच्याच काडीने त्यांचे हात बांधले गेले होते. भाकरी थापता थापता मी एकटीच हसायचे.

नवऱ्याचे डोळे मात्र निवळत नव्हते. मी स्वतःला समजावत होते, लिव्हर आहे, वेळ लागणार. तो जेवायला उशिरा येऊ लागला होता, तोंडात कायम बडीशेप असायची, भाकरी अर्धी टाकून उठायचा. हे सगळं मला दिसत होतं. पण माझ्या डोक्यात साडेदहा टक्के हा आकडा इतका पक्का बसला होता की समोरचा माणूस त्याच्यापुढे फिका पडला. बाटलीवरचा आकडा न वाचणाऱ्यांना मी आंधळं म्हणत होते. मी आकडा सोडून दुसरं काही वाचत नव्हते.

एप्रिलमधल्या एका रविवारी नणंद आणि तिचा नवरा जेवायला आले. उन्हाने जीव नकोसा झालेला. एरवी लोडशेडिंगमुळे आमचा फ्रीज म्हणजे नुसतं कपाटच होतं. लाइट गेली की शेजारच्या गल्लीतले कापडाचे पॉवरलूमसुद्धा एकदम गप्प व्हायचे. पण त्या रविवारी सकाळपासून लाइट गेलीच नाही. नवऱ्याने मला न विचारता जिनची बाटली बर्फाच्या कप्प्यात टाकली होती, जावयाला गारेगार द्यायची म्हणून. दुपारी बाहेर काढली तर आत अर्ध्याच्या वर बर्फाचा चुरा.

घरातल्या बर्फाच्या कप्प्यात खरी जिन गोठत नाही. तिला गोठायला उणे पंचवीस-तीसच्या आसपासची थंडी लागते, आणि ती भिवंडीत कुणाच्या फ्रीजमध्ये नाही. हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. पण बाटलीत बर्फ होतो म्हणजे आत पाणी आहे, एवढं कुणालाही कळतं. त्याने बाटली नेऊन वडिलांसमोर ठेवली.

सासऱ्यांनी ती हलवली. उजेडात धरली. मग खाली ठेवून म्हणाले, "कुनीतरी प्यालंय आन् वर पानी भरलंय."

घरात पिणारे पुरुष दोन. त्यातला एक जिनला हात लावत नव्हता, दुसऱ्यासाठी तर ती होतीच. सासूबाई माळकरी. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत माझ्यावर आल्या. नणंदेने खाली मान घातली. जावई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला.

"शिकलेल्या बाया पितात आयकला होता," सासरे म्हणाले. "आमच्या घरात हाय म्हाईत नव्हता."

मग मी तोंड उघडलं. जावई समोर आहे, नणंद माहेरी आलीय, काही बघितलं नाही. "मी प्याले नाही, मी ओतली," मी ओरडले. "मोरीत ओतली. तीन महिने ओततेय. तुमचा मुलगा तीन महिने पाव भाग जिन पितोय, म्हणून तो आज तुमच्यासमोर उभा आहे. तुमच्या काडीच्या भरवशावर राहिला असता तर एव्हाना मेला असता." मी सगळं सांगितलं. गार दारू का पेटली नाही, कढल्यात कशी पेटली, सासूबाईंनी ती पाहिली होती. सासूबाईंनी पदर पुढे ओढला, पण नाही म्हटलं नाही.

सासऱ्यांनी बाटली दूर सारली. मी जिंकले होते, आणि ते मला इतकं गोड लागलं की आजही त्याची चव आठवते. मी नवऱ्याकडे वळले. वाटलं, आता तरी हा माझ्या बाजूने एक शब्द बोलेल.

तो ओट्यावर बसला होता. "तरीच," तो म्हणाला.

"तरीच काय?"

"तरीच चढत नव्हती." त्याचा आवाज अगदी साधा होता, रागाचा नव्हता. "मना वाटला माजा अंगच मेला. म्हनून गोदामावर घ्यायला लागलो. ड्रायवर लोकांकडची."

"किती?"

"सकाळी एक क्वार्टर. जेवायला येताना एक." मग नखाने ओटा खरवडत म्हणाला, "आता आता दोन."

मी मनातल्या मनात हिशेब केला, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. एका क्वार्टरमध्ये एकशेऐंशी मिलिलिटर. त्यातला अल्कोहोल सत्याहत्तर. घरात मी जेवढी कमी केली होती, त्याच्या कितीतरी जास्त त्याने बाहेर भरून काढली होती. पूर्वी तो सकाळी पीत नव्हता. सकाळची दारू त्याला मी लावली.

सासरे ते ऐकून उठले आणि काठी टेकत अंगणात गेले. संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, सुनेने पोराला पाणी पाजून पाजून बाहेरच्या दारूला लावला. ते हे अजून सांगतात. त्यात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्यासाठीच मला त्यांचा सगळ्यात जास्त राग येतो.

त्या दिवसानंतर तो सोडेल असं मला वाटलं. त्याने सोडली नाही, किंवा त्याला सुटली नाही. सासऱ्यांनी जिन बंद केली आणि मी घरातली प्रत्येक बाटली फोडली, पण दोन महिन्यांनी गोदामावरच त्याला रक्ताची उलटी झाली. ड्रायव्हरांनी टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. पोटात पाणी झालं होतं, हातपाय काटक्यांसारखे आणि पोट नऊ महिने भरलेल्या बाईसारखं. दिवसा एका बाकड्यावर सासरे बसायचे, समोरच्या बाकड्यावर मी. आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. डॉक्टर आले की दोघंही एकदम उठायचो आणि दोघंही एकदम बोलायला लागायचो. मी म्हणायचे बाबांमुळे, ते म्हणायचे सुनेमुळे, आणि एकदा डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो, पेशंट कोण आहे?"

एका दुपारी सासरे डबा आणायला खाली गेले तेव्हा मी त्याच्याजवळ जाऊन बसले. मला विचारायचं होतं ते इतक्या दिवसांत मी कधी विचारलंच नव्हतं. "घरात चढत नाही म्हणून बाहेर प्यायला लागलात," मी म्हटलं, "तर एकदा सांगायचं तरी. सुटत नाही, असं एकदा तरी बोलायचं कुणाला."

तो छताच्या पंख्याकडे बघत होता. "कोनाला?" म्हणाला. "तुला बोललो असतो तर तू बाबांना जाऊन ऐकवलं असतंस. बाबांना बोललो असतो तर त्यांनी तुला."

मी म्हटलं, असं नाही. पण तेवढ्यात जिन्यावर सासऱ्यांची काठी वाजली, आणि माझं अंग आपोआप ताठ झालं. त्यानेही ते पाहिलं. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं.

पाऊस सरता सरता तो गेला. सासरे आहेत, मीही त्याच घरात आहे. आम्ही अजून भांडतो, काडीवरून आणि पाण्यावरून, जवळजवळ रोज. शेजारपाजारचे म्हणतात, त्याची आठवण या दोघांनीच काय ती जिवंत ठेवलीय. त्यांना काय सांगायचं? आमच्या इतक्या वर्षांच्या भांडणात, दवाखान्यात तो मला काय म्हणाला होता, हे मी सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि त्यांना काही म्हणाला असेल तर ते त्यांनी मला.